विंचू कोण उतरवतो?

दापोली तालुक्यात आंजर्ले, केळशी, पालगड अशा कोणत्याही गावी गेले तरी जांभ्या दगडाचे गडगे, परसातली सरपणाची रास आणि भाताच्या पेंढ्याची उडवी दिसतेच. कोकणी संसाराची ही शोभा. परंतु याच फटींच्या आश्रयाला तांबडा विंचू राहतो. घराघरांत कोणाला ना कोणाला तो कधीतरी डसलेला असतो आणि म्हणूनच विंचवाविषयी आपल्याला सर्व काही ठाऊक आहे, असा आपला समज असतो. या समजानेच अनेक घरांतील मुले हिरावून नेली आहेत.

विंचू चावला की गावात पहिली आठवण होते ती विंचू 'उतरवणाऱ्या'ची. मंत्र म्हटला जातो, पाला चोळला जातो, काही तासांनी वेदना ओसरते आणि मांत्रिकाच्या यशाची आणखी एक कथा गावभर होते. ही कथा खोटी नसते, तिचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. बहुसंख्य दंशांत विष शरीरभर पसरतच नाही. ठणका असह्य असतो, पण तो जागच्या जागी राहतो आणि आपोआप शमतो. येथे मांत्रिकाने काहीही केले नाही तरी रुग्ण बराच होणार असतो. उरलेल्या थोड्या दंशांत खरा घात असतो, आणि तेथे मंत्र म्हणण्यात गेलेला वेळ हाच मृत्यूचा सहायक ठरतो.

मग हे दोन दंश ओळखायचे कसे? सामान्य माणूस वेदनेवरून मोजमाप करतो आणि नेमका तेथेच फसतो. घातक दंशात ठणका पुष्कळदा कमीच असतो. तांबड्या विंचवाचे विष मज्जातंतूंना अनावर उत्तेजित करते. परिणामी उलट्या होतात, अंगाला दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावून हृदयावर विलक्षण ताण येतो. पुढे फुप्फुसांत पाणी साठते, धाप लागते, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. प्रौढ माणसाच्या घामाला घरचे लोक 'घाबरला आहे' म्हणतात. लहान मुलाला तर काय होते आहे हे सांगताही येत नाही, आणि त्याच्या चिमुकल्या देहात तेवढेच विष कितीतरी अधिक अनर्थ करते. रडून रडून शांत झालेले मूल बरे झाले असे समजू नये, आधी त्याचे तळहात-तळपाय हाताला लावून पाहावेत.

हे ज्ञान परदेशातून आयात झालेले नाही. दापोलीपासून फार दूर नसलेल्या महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तेथे येणाऱ्या दंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणांचा क्रम नोंदवला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील 'प्राझोसिन' ही स्वस्त गोळी त्यांनी या रुग्णांसाठी उपयोगात आणली आणि गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील त्यांच्या अभ्यासाने दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. जगाने मान्य केलेले हे कोकणचे ज्ञान कोकणातल्याच माजघरात पोहोचू नये, यासारखी खंत ती कोणती?

जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये राज्यात लागू झाला. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. या कायद्याच्या अन्य तरतुदींविषयी मतभेद असू शकतात, या एका तरतुदीविषयी ते असू नयेत. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर मुळीच बाळगू नयेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन प्रकार सांगितले आहेत. सर्व दंश सारखे नसतात, हा विवेक आपल्या पूर्वजांपाशी होता. सर्वांना एकच मंत्र लावणे ही परंपरा नव्हे, ती परंपरेची विस्मृती आहे.

तथापि केवळ कायद्याने माणूस दवाखान्याची वाट धरत नाही. मध्यरात्री वाहन मिळत नाही आणि मांत्रिक शेजारीच असतो, म्हणूनही लोक त्याच्याकडे जातात. तेव्हा जबाबदारी समाजानेही उचलली पाहिजे. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघेल हे प्रत्येक वाडीने आधीच ठरवून ठेवावे. जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि प्रतिविष आहे ना, हा प्रश्न उन्हाळा लागण्यापूर्वी ग्रामसभेत विचारावा. जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळून बांधणे हे प्रकार टाळावेत, हे शाळेतील मुलांना शिकवावे. आणि विंचू उतरवणाऱ्या वृद्धाला शत्रू मानू नये. रात्री दार ठोठावले तर तो उठतो, ही त्याची सेवावृत्तीच आहे. हातपाय गार लागले, उलटी झाली, घाम फुटला की क्षणभरही न थांबता दवाखान्यात धाडायचे, एवढे त्याला पटवून दिले तर गावाला एक आरोग्यरक्षकच लाभेल.

विंचू कोण उतरवतो, याचे श्रेय कोणीही घ्यावे. मूल मात्र वाचले पाहिजे.