आधी खोली, मग नोकरी

बारावीचे निकाल लागले की कोकणातल्या मोहल्ल्यांत बॅगा भरायला लागतात. कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, तर पासपोर्ट हातात असलेला थेट आखातात. हे आजचे नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे पाच टक्क्यांनी घटली. हजार पुरुषांमागे तिथे अकराशेहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या. कमावते हात बाहेर, घर बायकांच्या भरवशावर, असाच त्याचा अर्थ.

मुलगा निघाला की आपण पहिला प्रश्न विचारतो, पगार किती? राहणार कुठे, हे मात्र ‘होईल काहीतरी सोय’ यावर सोडून देतो. पण शहरातले पहिले सहा महिने पगारापेक्षा खोलीवर जास्त अवलंबून असतात. आठ जणांत पाळीने झोपणारा मुलगा संध्याकाळच्या क्लासला जाण्याची ताकद कुठून आणणार? त्यातच नाव ऐकताच ‘जागा गेली’ म्हणणारे घरमालक आपल्याला ठाऊक आहेतच. मग मुंब्रा किंवा कोंढव्यात खोली, आणि कामावर जाण्या-येण्यात रोजचे तीन-चार तास.

आपल्या आजोबांच्या पिढीने यावर तोड काढली होती. बोटीवरच्या नोकरीची वाट पाहणारे कोकणातले खलाशी मुंबईत गावच्या जमातीच्या खोलीत पथारी टाकत. खर्च वर्गणीतून चाले आणि वडीलधाऱ्यांचे लक्ष असे. खोली लहान होती, पण नवख्या पोराला शहरात कुणीतरी ओळखीचे होते.

मुलींच्या बाबतीत तर गोष्ट उलटी होते. मुलीला नर्सिंगला किंवा फार्मसीला प्रवेश मिळतो आणि घरातले कुणीतरी म्हणते, “ती राहणार कुठे?” भावासाठी जो प्रश्न कुणी विचारला नाही, त्याच प्रश्नाने बहिणीचे शिक्षण थांबते. प्रश्न चुकीचा नाही. तो दोघांसाठी विचारावा, आणि उत्तर शोधल्याशिवाय उठू नये. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींची वसतिगृहे अनेक जिल्ह्यांत आहेत. कॉलेजचा फॉर्म भरतानाच तिथे चौकशी करा. अम्मीने स्वतः जाऊन जागा पाहावी, रेक्टरशी बोलावे.

खोली भाड्याने घेताना करार लेखी हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या. रेशन कार्डावर मुलाचे नाव असेल आणि कार्ड आधारशी जोडलेले असेल, तर त्याच्या वाट्याचे धान्य शहरातल्या दुकानातूनही उचलता येते. गावाकडच्यांना उरलेले मिळत राहते.

राहिले जमातीचे काम. लग्नाचा हॉल बांधायला आपल्याकडे वर्गणी जमते. त्याच यादीत एक ओळ वाढवा: पुण्यात मुलांसाठी एक फ्लॅट, मुलींसाठी दुसरा, दोन्ही नोंदणीकृत करारावर, आणि तिथे स्थायिक झालेल्या गावकऱ्यांपैकी एका जोडप्यावर देखरेख. दहा मुले शिकून कामाला लागली की पुढच्या दहांची वर्गणी तीच भरतील, इन्शाअल्लाह.

येत्या जुम्याला नमाजनंतर हा विषय काढा. पुढचा निकाल लागायच्या आत किल्ली हातात असली पाहिजे.