खलनायक नसलेले घर

घरातील सर्वांनी मिळून पाहावा असा चित्रपट कोणता, असा प्रश्न निघाला की मध्यमवर्गीय कुटुंबांत आजही 'बागबान'चे नाव हमखास पुढे येते. रवी चोप्रा यांचा हा चित्रपट २००३ साली प्रदर्शित झाला. तेव्हापासून दूरचित्रवाणीवर तो किती वेळा दाखविला गेला असेल याची गणती नाही. दर वेळी आजी-आजोबांचे डोळे पाणावतात, आई पदर डोळ्यांना लावते आणि मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "आजच्या पिढीने हा पाहायलाच हवा." हे म्हणताना आपणही त्याच पिढीत मोडतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. 'बागबान'चे यश तेथेच आहे आणि त्याचे अपयशही तेथेच.

कथा सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त झालेले राज मल्होत्रा आणि त्यांची पत्नी पूजा यांना चार मुले सहा-सहा महिन्यांसाठी वाटून घेतात. आई एकाकडे, वडील दुसऱ्याकडे. अमिताभ बच्चन आणि हेमामालिनी यांचा अभिनय, चाळिशी उलटलेल्या प्रेमाचा गोडवा आणि विरहातील दूरध्वनी, या सर्वांत मन गुंतते हे मान्यच करावे लागेल. परंतु मुलांची आणि सुनांची पात्रे पाहा. ती माणसे नाहीतच. रात्री टंकलेखनाचा आवाज होतो म्हणून बापावर डाफरणारा मुलगा आणि उठताबसता कपाळावर आठ्या घालणारी सून ही निव्वळ बुजगावणी आहेत. इतक्या दुष्ट मुलाच्या जागी स्वतःला कोण पाहील? प्रेक्षागृहातील प्रत्येक मुलगा सुटकेचा निःश्वास टाकतो, की आपण असे नाही.

त्याहून विचित्र आहे तो उपाय. नायक आपली कहाणी लिहितो, पुस्तक गाजते, पैसा आणि कीर्ती मिळते, आणि मग व्यासपीठावरून मुलांना चार खडे बोल ऐकविता येतात. वीस वर्षांपूर्वीच्या 'अवतार'मध्येही (१९८३) राजेश खन्नाने साकारलेला बाप यंत्रातील कौशल्याच्या बळावर श्रीमंत होतो आणि टाकून गेलेल्या मुलांपुढे ताठ मानेने उभा राहतो. म्हणजे उपेक्षित आईबापांनी करावे काय, तर श्रीमंत व्हावे! ज्याला पुस्तक लिहिता येत नाही, यंत्र सुधारता येत नाही, ज्याच्या पासबुकात निवृत्तिवेतनापलीकडे काही नाही, त्या वृद्धाला हे चित्रपट काय देतात? दोन तासांचे अश्रू आणि सूड घेतल्याचे खोटे समाधान. आईबापांचा मान त्यांच्या मिळकतीवर अवलंबून असतो, हे ज्या मुलांचे तत्त्वज्ञान, तेच अखेरीस चित्रपटाचेही ठरते. दिग्दर्शकाला हे जाणवले असेल असे वाटत नाही.

मराठीने हा विषय अधिक प्रामाणिकपणे हाताळला आहे, असे म्हणण्यास जागा आहे. राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस'पासून (१९५४) संजय सूरकर यांच्या 'तू तिथं मी'पर्यंत (१९९८) मुलांच्या संसारात दुभंगलेली वृद्ध जोडपी मराठी पडद्यावर येत राहिली. पण सर्वांत खोल उतरले ते कुसुमाग्रजांचे नाटक. 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, डॉ. श्रीराम लागू यांनी अप्पासाहेब बेलवलकर उभे केले आणि २०१६ साली महेश मांजरेकर यांच्या चित्रपटात नाना पाटेकर त्या भूमिकेत दिसले. चित्रपट नाटकापेक्षा भडक आहे, हे खरे. तरीही मूळ संहितेचे एक मोठेपण त्यातही शिल्लक राहते. अप्पा निर्दोष नाहीत. ते मोठ्याने बोलतात, आयुष्यभर टाळ्यांची सवय झालेली, घरातही त्यांना प्रेक्षक लागतात. सगळी मिळकत मुलांना वाटून टाकताना त्यांच्या औदार्यात थोडा अभिनयही आहे. घरात माणूस म्हणून कसे राहावे हे त्या थोर नटाला उमगलेले नाही. सुनेचा जाच होतो हे खरे, पण अप्पांबरोबर एका छताखाली राहणे सोपे नव्हते हेही खरे. ही दोन्ही सत्ये एकाच वेळी सांभाळणे 'बागबान'ला कधीच जमले नसते.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करायला हवा. वृद्धांना वाऱ्यावर सोडणे ही पाश्चात्त्यांची रीत, आपल्याकडे ती तिकडूनच आली, असे मोठ्या विश्वासाने बोलले जाते. बोलणाऱ्यांनी लिओ मॅकेरी यांचा 'मेक वे फॉर टुमॉरो' पाहावा. १९३७ साली, महामंदीच्या छायेत निघालेला हा अमेरिकी चित्रपट. बँकेने घर ताब्यात घेतलेले वृद्ध जोडपे, पाच मुले, आणि दोघांना एकत्र ठेवून घेण्यास कोणाचीच सोय नाही. आई एका मुलाच्या घरी, वडील दूरच्या मुलीकडे. 'बागबान'च्या ६६ वर्षे आधीची ही कथा आहे. पण येथे पुस्तक गाजत नाही, कोणी श्रीमंत होत नाही. न्यूयॉर्कमध्ये एक अखेरची दुपार दोघे एकत्र घालवितात आणि रेल्वे स्थानकावर वेगळे होतात. आपण वृद्धाश्रमात जाणार आहोत, हे ती नवऱ्याला कळू देत नाही. शेवट गोड करावा असा निर्मितीसंस्थेचा आग्रह मॅकेरींनी मानला नाही. चित्रपट चालला नाही. त्याच वर्षी एका विनोदी चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले, तेव्हा तुम्ही चुकीच्या चित्रपटाला पुरस्कार दिलात असे ते म्हणाल्याचे प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील माणसांनाही आईबापांच्या वियोगाची टोचणी असते. ती तेथे १९३७ मध्येही होती.

आणि जपान? मातृपितृभक्तीचे संस्कार जेथे शतकानुशतके घराघरांत झाले, त्या जपानमध्ये १९५३ साली यासुजिरो ओझू यांनी 'टोकियो स्टोरी' निर्माण केला. मॅकेरींच्या चित्रपटाची प्रेरणा ओझू यांचे सहलेखक कोगो नोदा यांना मिळाली होती. २०१२ साली एका ब्रिटिश चित्रपट मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा आजवरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून याच कृतीला प्रथम स्थान मिळाले. मात्र आपल्याकडील चांगल्या घरांतूनही त्याबद्दल "फार संथ आहे हो" एवढाच अभिप्राय ऐकू येतो. तो संथ आहे, यात शंका नाही. चटईवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा क्वचितच हलतो. घरात वडीलधारी माणसे बोलत असताना मुकाट्याने शेजारी बसून ऐकावे, तसा तो ऐकतो.

ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातून एक वृद्ध जोडपे मुलांना भेटण्यासाठी रेल्वेने टोकियोला येते. थोरला मुलगा डॉक्टर आहे, पण राजधानीच्या एका बाजूच्या वस्तीतला साधा डॉक्टर. मुलगी केशरचनेचे दुकान चालविते. रविवारी आईवडिलांना शहर दाखवायला निघायचे, तोच एका आजारी मुलासाठी डॉक्टरांना बोलावणे येते. आता यात कोणाचा दोष? जावई सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई घेऊन येतो, तर मुलगी कुरकुरते की इतकी महाग कशाला आणायची. नातवाचे अभ्यासाचे मेज हलविले म्हणून तो रुसतो. कोणी कोणाला टाकून बोलत नाही. पुढे मुले वर्गणी काढून दोघांना आतामी येथील समुद्रकिनाऱ्यावर विश्रांतीसाठी पाठवितात. हेतू चांगला, शिवाय घरची अडचणही दूर होते. तेथील विश्रामगृहात रात्रभर तरुणांचा गोंगाट चालतो, दोघांना झोप लागत नाही आणि दुसऱ्याच दिवशी ती परततात. मुलीच्या कपाळावर क्षणभर आठी येते. एवढेच. सारा चित्रपट अशा आठ्यांचा आहे.

या आठ्या ओळखीच्या वाटत नाहीत, असे घर पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत सापडणे कठीण. अमेरिकेतील मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांना विचारून पाहावे. मुलाने काही कमी केले का? छे! सर्व दाखविले, सर्व खाऊ घातले. मग आवाजात ती खिन्नता कशाची? ओझू तिला नाव देत नाहीत. गावाकडे परतल्यावर आई दगावते. बोलावणे येते, तेव्हा मुलगी निघतानाच शोकाचे कपडे बरोबर घेण्याची सूचना करते. व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे. अंत्यविधीनंतरच्या जेवणात तीच आईचे एक वस्त्र आठवण म्हणून मागते आणि सर्वजण टोकियोच्या गाडीचे वेळापत्रक पाहू लागतात. तेराव्याच्या पंगतीत दागिन्यांचा विषय हळूच निघालेला ज्यांनी ऐकला आहे, त्यांना अधिक सांगणे नको. तरीही ही मुलगी दुष्ट नाही. आई गेली तेव्हा ती हमसून रडलेली असते, आणि ते रडणे खरे असते.

या घरात सर्वांत प्रेमाने वागते ती सून नोरिको. तिचा नवरा युद्धात गेला, त्याला आठ वर्षे झाली. तिची खोली लहान, पगार बेताचा. पण सासूसासऱ्यांना शहर दाखविण्यासाठी रजा घेते तीच. सुनेला खाष्ट रंगविल्याखेरीज ज्यांची कौटुंबिक कथा पुढे सरकत नाही, त्या आपल्या पटकथालेखकांनी या एका पात्राचा अभ्यास करावा. सासरा कृतज्ञतेने तिची प्रशंसा करतो, तेव्हा ती सांगते की आपण तितक्या चांगल्या नाही, आपल्यालाही स्वार्थ आहे. चांगुलपणाच्या त्या भारातूनही ओझू तिला मोकळी करतात.

अलीकडच्या भारतीय चित्रपटांत हा समजूतदारपणा थोडा थोडा उतरला आहे, ही समाधानाची गोष्ट. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक (डॉ. मोहन आगाशे) मुलीची पाठ वळताच हत्तीच्या मागे निघून जातात, ती बेपर्वा नाही, थकलेली आहे. 'पिकू'मधील (२०१५) मुलगी बापावर ओरडते आणि त्याला क्षणभरही सोडत नाही. शुभाशिष भूतियानी यांच्या 'मुक्ती भवन'मध्ये (२०१६) मरणासाठी काशीला निघालेल्या वडिलांबरोबर मुलगा जातो खरा, पण कार्यालयाचे दूरध्वनी त्याची पाठ सोडत नाहीत. कर्तव्य आणि रजा यांच्या कात्रीत सापडलेला हा मुलगा 'बागबान'च्या चारही मुलांपेक्षा अधिक खरा आहे.

पडद्याबाहेर प्रश्न किती मोठा आहे हे सांगायला दोन आकडे पुरेत. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. आणि २००७ साली संसदेला आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात या सर्वांवर जबाबदारी आहे. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरविण्याची तरतूद आहे. कलम २३ तर जणू अप्पासाहेब बेलवलकरांसाठीच लिहिले आहे: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. प्रांताधिकाऱ्यांपुढे असे अर्ज येतात, हे कोणत्याही समाजाला भूषणावह नाही. परंतु जेथे अर्ज करावा लागत नाही, भत्ताही वेळेवर पोहोचतो, फोनही ठरलेल्या वारी येतो, तेथील आठीवर कायद्याकडे कलम नाही.

'टोकियो स्टोरी'तील एका पात्राकडे मात्र समीक्षकही फारसे वळत नाहीत. धाकटी मुलगी क्योको. ती गावातच शाळेत शिकविते, आईवडिलांपाशी राहते. प्रत्येक घरात असे एक भावंड असते. औषधे आणणारे, वीजबिल भरणारे, रोजची किरकिर ऐकणारे. आणि दूरदेशीचा भाऊ आला की स्वयंपाकघरात राबणारे. भावंडे इतक्या लवकर निघून गेली याचा तिला संताप येतो. नोरिको तिची समजूत घालते की मुले मोठी झाली की आपापल्या संसारात दूर जातातच. क्योकोला ते पूर्ण पटलेले दिसत नाही. ती शाळेत जाते, मुलांना काम देते आणि वर्गाच्या खिडकीशी येऊन टोकियोकडे निघालेली गाडी पाहते. घरी वडील एकटे बसलेले आहेत, शेजारीण खिडकीतून दोन शब्द बोलून गेली आहे, आणि शाळा सुटायला अजून बराच वेळ आहे.