पिवळा डांबिस की पांढरा फटक?

मंडळी, घर घेतलं की माणसाचं डोकं दोन गोष्टींनी फिरतं. एक ईएमआय आणि दुसरं इंटिरियर. आमचंही फिरलं.

बाणेरच्या आमच्या नव्याकोऱ्या टू-बीएचकेत लाइट्स निवडायची वेळ आली, तेव्हा माझा फंडा एकदम क्लिअर होता. सगळं वॉर्म! साताऱ्याच्या घरातली ती पांढरीफटक ट्यूब बघून बघून मला उबग आला होता. बटण दाबलं की आधी तीनदा डोळे मिचकावणार, मग पेटणार आणि तिच्याखाली बसलेला प्रत्येक जण नुकताच तापातून उठल्यासारखा दिसणार. आपल्याला हवा कॉफी शॉपवाला मूड! मग काय, हॉलपासून किचनपर्यंत सीलिंगमध्ये इवलेइवले तीन वॅटचे पिवळे एलईडी आणि डायनिंग टेबलवर वेताची टोपी घातलेला लटकता दिवा. घर बघायला आलेला अख्खा ऑफिस ग्रुप 'वॉव' करून गेला. फोटो तर काय सॉलिड आले!

मग महिनाभर राहायला आई आली.

पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "अगं, दिवे लाव की."

"लावलेत ना."

"सगळे?"

पुढे ती काही बोलली नाही. बोलली नाही, तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं. तांदूळ निवडायचे तर ताट घेऊन बाल्कनीत. पेपर वाचायचा तर दुपारीच. एकदा मी ऑफिसमधून उशिरा आले, तर आईसाहेब ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून पुस्तक वाचतायत! कारण घरातला एकमेव पांढरा दिवा तिथे होता. बिल्डरने लावलेला आणि मी बदलायला विसरलेला. मी आणि नवरोबा खूप हसलो.

आठव्या दिवशी ते हसू पळालं. रात्री जेवण झाल्यावर आईने डबीतून गोळी काढली. डबीत दोन प्रकारच्या. सकाळची फिकट पिवळी, रात्रीची बीपीची पांढरी. तोंडात टाकता टाकता तिने हात पुढे केला. "ही पांढरीच ना गं?" मी निरखून पाहिलं. मंडळी, बत्तीस वर्षांच्या, बिनचष्म्याच्या मला पण सांगता येईना! मोबाइलचा टॉर्च मारला. गोळी पिवळी होती.

शनिवारी सकाळी मी तपकीर गल्लीत. दुकानातल्या काकांना म्हटलं, सगळे पिवळे काढून पांढरे द्या. त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "ताई, पिवळ्याचा काय दोष? तुमचा उजेडच कमी आहे. किती हवा आणि कुठला हवा, हे दोन वेगळे प्रश्न."

माझी नेमकी इथेच विकेट पडली होती. किती उजेड, ते सांगतात ल्युमेन. साधा नऊ वॅटचा एलईडी साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. माझे तीन वॅटवाले त्याच्या तिसऱ्या हिश्शात. आणि कुठला उजेड, ते सांगतं केल्विन. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवा. आधी लाल, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं. म्हणजे आकडा जेवढा मोठा, तेवढा उजेड पांढरा, निळसर. समईची ज्योत १९०० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, आणि खोक्यावर 'कूल डेलाइट' लिहिलेला दिवा ६५००. गंमत बघा, जो जास्त तापलेला, त्यालाच आपण कूल म्हणतो!

आईची अडचण दुहेरी होती. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि गढूळ होत जातं. त्यामुळे साठी उलटलेल्या डोळ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो आणि पांढऱ्या-पिवळ्यातला फरक आधीच पुसट झालेला असतो. त्यात वरून माझा मिणमिणता पिवळा मूड!

मग सगळीकडे पांढरंच का लावू नये? तर, पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळा दिवा असतो, त्यावर पिवळा लेप. हा लेप जसा बदलेल, तसा उजेड पिवळा किंवा पांढरा. कूल डेलाइटमध्ये निळा भाग जास्त, आणि रात्री हा निळा उजेड शरीराला 'अजून दिवस आहे' असं सांगतो. झोप लांबते. शिवाय मंद पांढरा उजेड उदास वाटतो. सोसायटीच्या जिन्यातला तो भुताटकी बल्ब आठवतोय? तेच ते. कमी उजेड हवा असेल, तर तो पिवळाच बरा.

तर आमचा नवा फंडा असा. किचनच्या ओट्यावर, कपाटाखाली ४००० केल्विनची पट्टी. दिवा डोक्यामागे असला की आपलीच सावली विळीवर पडते, म्हणून तो समोर. स्टडी टेबलवरही ४०००. बेडरूममध्ये २७००, पण उशाशी वाचायला वेगळा दिवा. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर एक मंद पिवळा. आरशापाशी सीआरआय ९० च्या वरचा, म्हणजे ज्यात रंग खरे दिसतात तो. लक्ष्मी रोडवर साडी घेताना आई ती दुकानाच्या दारात नेऊन उन्हात का बघते, ते मला आत्ता कळलं! आणि हॉलमध्ये थ्री-इन-वन. बटण बंद-चालू केलं की रंग बदलतो. पेपरला पांढरा, गप्पांना पिवळा.

वेताची टोपी तशीच आहे, आत फक्त नऊ वॅटचा दिवा आलाय. गोळ्यांची डबी ओट्यावरच्या पट्टीखाली ठेवलीय. आईने तिथे उभं राहून दोन गोळ्या हातावर घेतल्या, बघितल्या आणि मला न विचारता एक परत ठेवली.

परवा साताऱ्याहून तिचा फोन. "अगं, येताना तो रंग बदलणारा दिवा आण एक. आपली ती ट्यूब फार डोळ्यावर येते गं."

घ्या!