नोंदीतले ४१, अंदाजातले १,७२३

जानेवारी २०२०च्या मध्यावर वुहानमधल्या नव्या न्यूमोनियाचे अधिकृत रुग्ण होते ४१. त्याच आठवड्यात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या नील फर्ग्युसन यांच्या गटाने आकडा मांडला १,७२३. या मंडळींनी वुहानमधला एकही रुग्ण तपासला नव्हता. त्यांचं लक्ष विमानतळाकडे होतं.

परदेशात तोवर तीन रुग्ण सापडले होते: दोन थायलंडमध्ये, एक जपानमध्ये. वुहानचा विमानतळ वापरणाऱ्या परिसराची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाख आणि तिथून रोज परदेशी जाणारे साधारण ३,३०० प्रवासी. लागण होऊन निदान होईपर्यंत दहा दिवस धरले, तर तेवढ्यात एखाद्या रुग्णाने परदेशी विमान पकडण्याची शक्यता पावणेसहाशेत एक. बाहेर तीन दिसले, म्हणजे आत सतराशेच्या घरात असणार. शाळेतलं त्रैराशिकच!

अहवाल मात्र तिथे थांबला नाही. त्याने अंदाजाची दोन टोकंही दिली, ४२७ आणि ४,४७१.  कारण योगायोगाने तीनऐवजी एक किंवा सहा रुग्णही विमानात बसू शकले असते. एवढा मोठा पल्ला पाहून हसणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की त्याचं खालचं टोकही सरकारी आकड्याच्या दहापट होतं.

मुंबईत जुलै २०२०मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी तीन प्रभागांत लोकांच्या रक्तातली त्याच आजाराची, म्हणजे कोविडची, प्रतिपिंडं तपासली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांमध्ये ती सापडली, इतर वस्त्यांत १६ टक्के. नोंदलेले रुग्ण तेव्हा शहराच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते. तरी रोज संध्याकाळी वाहिन्यांवर झळकायचा तो नोंदीचाच आकडा, एककापर्यंत अचूक भासणारा.

नोंदीबाहेरच्या लागणींचा माग काढण्याचं हे शास्त्र मुंबईला नवं नाही. पोलिओच्या सुमारे दोनशे लागणींमागे एकालाच कायमचा लुळेपणा येतो, म्हणून इथल्या सांडपाण्यात तो विषाणू २००१पासून शोधला गेला.

मग डेंग्यूच्या हंगामात नोंदलेल्या रुग्णांशेजारी अंदाजाची दोन्ही टोकं का छापू नयेत? घबराट पसरेल, हा ठरलेला आक्षेप. पण खाटांची, रक्तबिंबिकांची तजवीज वरच्या टोकाकडे बघून करायची असते. ते टोक महापालिकेच्या पत्रकातच नसेल, तर नगरसेवकाने सभागृहात जाब विचारायचा तरी कशाच्या जोरावर?