डॉक्टरांची गाडी

‘दाजी, डॉक्टरांची गाडी आहे. तीन वर्षांत फक्त चौदा हजार रनिंग!’ फोनवर मेहुण्याच्या आवाजात लग्न ठरल्याचा आनंद होता. काळी जर्मन सेडान, डिझेल, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘डॉक्टरांची गाडी’ ही फार मोठी पदवी. ‘फक्त देवदर्शनाला काढलेली’ आणि ‘मॅडमनी चालवलेली’ यांचा नंबर त्यानंतर. मी एवढंच विचारलं, ‘डॉक्टरांच्या घरापासून दवाखाना किती लांब?’ तो म्हणाला, ‘असेल दोन-अडीच किलोमीटर.’ ‘मग नको घेऊस,’ म्हटलं. तो रागावला. ते साहजिकही होतं, कारण त्याच्या बाजूने अख्खा बाजार उभा आहे.

बाजाराचा पूर्वपक्ष असा: यंत्र वापराने झिजतं, कमी चाललेलं कमी झिजतं, म्हणून रनिंग कमी तर भाव जास्त. चपलेच्या बाबतीत हे बिनचूक आहे. गाडीच्या बाबतीत मात्र मीटर फक्त चाकांचा हिशेब ठेवतं. मुंबई-पुण्याच्या गर्दीत ताशी सरासरी 12 कि.मी. धरली, तर चौदा हजार कि.मी. व्हायला इंजिन सुमारे 1,170 तास चालतं. नाशिकचा एखादा व्यापारी आठवड्यातून दोनदा मुंबई गाठतो. त्याची सरासरी 60 धरली तर पन्नास हजार कि.मी. साधारण 835 तासांत होतात. म्हणजे ‘कमी चाललेली’ गाडी प्रत्यक्षात तीनशेहून अधिक तास जास्त चाललेली निघते! तेही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक दाबत.

दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा त्रास याहून वाईट. तेवढ्यात इंजिन तापतच नाही. थंड इंजिनात तयार झालेला ओलावा आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये मिसळतं. ते उडून जायला लागणारी उष्णता गाडीला कधी मिळत नाही. डिझेल असेल तर आणखी पंचाईत. काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून स्वच्छ करतो, पण त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने धावावं लागतं. तोवर डॉक्टरांचे दवाखान्यात पोचून दोन पेशंट तपासून झालेले असतात. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि मग गाडी विकायला निघते.

शिवाय काही गोष्टी रनिंगला विचारत नाहीत, वयाला विचारतात. टायरचं रबर उभ्या उभ्या कडक होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. बॅटरी न वापरताही उतरते, आणि अशा आलिशान गाड्यांत व्होल्टेज घसरलं की नसलेल्या बिघाडांचे दिवे लागतात. पार्किंगमधले उंदीर तर चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीवरच खूश असतात.

कमी रनिंगचा आकडा नेहमी खराही नसतो. डिजिटल मीटर मागे घेणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ, कारण त्या आकड्याला आपणच भाव देतो. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. गाडी तीन वर्षांची, रनिंग चौदा हजार आणि चारही टायर गेल्या वर्षीचे? मग जुने टायर एवढ्यात कुठे झिजले, हे विचारा. स्टिअरिंगचं कातडं गुळगुळीत झालंय का, ब्रेकच्या पेडलचं रबर घासलंय का, तेही बघा.

दुसरा एक पक्ष आमच्या घरातच आहे, सासरेबुवांचा. जुनी आलिशान गाडी म्हणजे पांढरा हत्ती, त्यापेक्षा नवी इनोव्हा घ्या. यात अर्धं तथ्य आहे. विम्याच्या रूढ तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत 40 टक्के कमी धरतात. सुटे भाग मात्र जुन्या गाडीलाही नव्याच्याच भावाने मिळतात. पंचाहत्तर लाखांची गाडी पंचेचाळीसला घेतलीत, तरी हेडलाइट पंचाहत्तर लाखांच्या गाडीचाच बसणार. म्हणून किमतीच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर सासरेबुवांचं ऐकावं. ठेवता येत असेल, तर पहिल्या मालकाने सोसलेली घट हाच तुमचा नफा आहे आणि हत्ती पाळायला हरकत नाही.

मग घ्यायची कुठली? माझ्या मते हायवेवर चाळीस-पन्नास हजार चाललेली, आणि दर वर्षीच्या सर्व्हिसचं बिल दाखवणारी. बिलं नसतील तर चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधला इतिहास मालकालाच काढायला सांगावा. तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समजावं. गिअर ऑइलबद्दल मुद्दाम विचारा. ते ‘आयुष्यभर पुरतं’ असं विकणारे सांगतात, पण अनेक जर्मन गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार कि.मी.च्या दरम्यान ते बदलायला सांगते. जास्त रनिंगची गाडी पुढे विकताना भाव कमी येतो, हा आक्षेप मान्य. पण घेतानाही तो कमीच दिलेला असतो.

भाव करताना मालकाने दाखवलेलं जुनं खरेदीचं बिल बाजूला सारा. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा कर 40 टक्क्यांवर आला. त्याआधी उपकर धरून तो पन्नासच्या आसपास जात असे. तेव्हा तुलना आजच्या नव्या गाडीच्या बिलाशी करायची.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांची जाहिरात बघून लोक विरघळतात. तिथली गाडी इथे आणायची तर एनओसी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि तिकडच्या कराच्या परताव्यामागे तुम्हीच धावायचं. आणि गाडी कुठलीही असो, ती घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्या. तो राहिला, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

मेहुण्याला हे सगळं ऐकवलं तरी गाडी बघायला जायचंच ठरलं. मी एकच अट घातली: इंजिन रात्रभर थंड असलं पाहिजे, पहिला स्टार्ट आमच्यासमोर. सकाळी आठला पोचलो. एजंटाने हसत चहा मागवला. मी बोनेटवर हात ठेवला. चांगलंच तापलेलं होतं. ‘आत्ताच जरा धुवायला नेली होती,’ तो म्हणाला. ‘उद्या येतो,’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सातलाच गेलो. बोनेट गरमच होतं, गाडी मात्र धुतलेली नव्हती.