कडू आणि बिघडलेली

मंडळी, दचकू नका. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला मालवणचा म्हातारा मास्तर आज चक्क बिअरवर लिहितोय!

गेल्या वर्षी सिएटलला भाच्याकडे गेलो होतो. तो घरी बिअर करतो. तिकडे १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरापुरती करायला मुभा मिळाली. (आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय ते चालत नाही, तेव्हा प्रयोग नकोत!) त्याची बिअर ‘इंडिया पेल एल’ या प्रकारातली. नावात इंडिया, कारण इंग्रज लोक भारतात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालत. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुले. ती बराच वेळ उकळली की कडवटपणा उतरतो, शेवटी घातली की सुवास राहतो. शिवाय बिअर लवकर नासत नाही.

भाच्याने दोन पेले पुढे ठेवले. एक महिन्याभरापूर्वी केलेली, दुसरी चार महिने गॅरेजमध्ये पडलेली. “मामानू, खरां सांगा हां,” म्हणाला.

पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे झाले. काडेचिराईतच! पण वास कसा, तर पपनसाची साल नुकती सोलल्यासारखा. कडूपणाही जिभेवर आला आणि निघून गेला, चिकटून राहिला नाही. दुसरी मवाळ होती. घरात सगळ्यांना तीच आवडली, “मस्त, मस्त” झाले. मला मात्र तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास आला... पावसाळ्यात शाळेच्या कपाटातल्या वह्यांना येतो तसा.

मी म्हटले, “पहिली मला आवडली नाही, पण ती चांगली झालीय. दुसरी घशाखाली उतरते, पण ती बिघडलीय.”

भाचा क्षणभर गप्प. मग म्हणाला, त्या खेपेला बाटल्या भरताना बिअर वरून धबाधबा ओतली होती. हवा शिरली की हॉप्सचा सुवास मरतो आणि हा पुठ्ठा येतो. “सगळे मस्त म्हणाले, म्हणून पुढच्या वेळीही तशीच भरणार होतो,” म्हणाला.

मला वाटते, आवड आणि दर्जा यांची आपण फार गल्लत करतो. कारले कडू लागले म्हणून भाजी बिघडली असे कोणी म्हणत नाही. करपली तर ती बिघडली, आणि हे कारले न खाणाऱ्यालाही कळते. सकाळची गोड माडी संध्याकाळी आंबट होते, तो तिचा धर्मच आहे. वस्तू काय व्हायला निघाली होती हे आधी विचारावे, मग गुण द्यावेत. आणि हाताने काही करणाऱ्याला नुसते “छान” म्हणणे ही माया नव्हे, आळस आहे.

हे मी आज सांगतोय. नोकरीत असताना ‘मला आवडणारा पावसाळा’ या निबंधात एका मुलाने लिहिले होते, मला पावसाळा आवडत नाही, आमचे घर गळते. भाषा स्वच्छ, एकही चूक नाही. मी त्याला दहापैकी चार गुण दिले. निबंध कडू होता, बिघडलेला नव्हता.

तो आता कुठे असतो, ठाऊक नाही. भेटला तर आठ देईन.

असो. तुमचा अनुभव काय?