धांदरट अंतराळवीरांचा कैवार

अंतराळवीर म्हटला की तो गंभीरच असला पाहिजे, असा आपल्याकडील पुष्कळ विद्वानांचा हट्ट आहे. ‘रेड ड्वार्फ’सारख्या विनोदी मालिकेचे नाव काढले की ते नाक मुरडतात. ‘ही विज्ञानाची टिंगल! मुलांवर काय संस्कार होणार?’ मला या मुरडलेल्या नाकांचा मनस्वी कंटाळा आला आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. अवकाशयानातले हे धांदरट लोक विज्ञानाचे वैरी नव्हेत. ते त्याचे पहारेकरी आहेत.

बी. बी. सी.ने ही मालिका १९८८ साली सुरू केली. तिच्यातला रिमर हा यानावरचा अगदी खालच्या पायरीचा कारागीर. त्याच्याही खाली लिस्टर. पण रिमरची ऐट अशी, की जणू सेनापतीच! अधिकारी होण्याची परीक्षा तो पुन्हापुन्हा देतो आणि पुन्हापुन्हा नापास होतो. याच गृहस्थाने एक दुरुस्ती धड केली नाही, किरणोत्सर्ग झाला आणि सगळे खलाशी गारद झाले. लिस्टर वाचला, कारण शिक्षा म्हणून त्याला काळ थांबवणाऱ्या कोठडीत टाकले होते. शिक्षा कशाची? चोरून मांजर पाळल्याची! बिचारा जागा झाला तो ३० लाख वर्षांनी.

‘असली माणसे खऱ्या यानात असतात काय?’ असे विचारणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. मार्च १९६५ मध्ये ‘जेमिनी ३’ यानात जॉन यंगने खिशात लपवून सँडविच नेले. ते बाहेर काढताच त्याचे कण यानात तरंगू लागले. पुढे अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपर्यंत त्याचा बोभाटा झाला. १९६९ साली ‘अपोलो १२’च्या ॲलन बीनने चंद्रावर दूरदर्शनचा कॅमेरा नेमका सूर्याकडे फिरवला आणि पृथ्वीवरचे प्रेक्षक चित्राला मुकले. १९९९ साली मंगळाचे हवामान पाहायला निघालेले अमेरिकन यान तर मापांच्या घोळात गेले. एकाने आकडे इंग्रजी मापात दिले, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून घेतले. वाण्याच्या दुकानात असा घोळ झाला असता, तर गिऱ्हाइकाने पहिल्याच पुडीला पकडला असता!

मग चुका हसण्यावारी न्याव्यात काय? मुळीच नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ आकाशात फुटले. आदल्या रात्री अभियंते कळवळून सांगत होते, की या थंडीत सांध्यातल्या रबरी कड्या दगा देतील. वरिष्ठांनी ऐकले नाही. सात माणसे गेली. या निर्णयात कोणी विदूषक नव्हता. सगळे गंभीर, सगळे हुद्देदार, सगळे वेळापत्रकाचे पाईक. रिमरचा रोगही हाच: हुद्दा थोरला, सत्य धाकटे. पडद्यावर हा रोग आपल्याला हसत हसत ओळखता येतो. प्रत्यक्षात तो ओळखेपर्यंत उशीर झालेला असतो.

मुलांवर संस्कार करायचाच असेल, तर तो एवढाच करा: समोरच्याची टोपी पाहून आकडा खरा मानू नये. ज्याला हसण्याची चोरी, त्याला प्रश्न विचारण्याचीही चोरीच!

तेव्हा यंदा फराळाच्या ताटाबरोबर हे धांदरट यान मुलांना खुशाल दाखवा. नाके मुरडणाऱ्यांनाही शेजारी बसवा. चकलीचे कण मात्र उडू देऊ नका. काँग्रेसपर्यंत बोभाटा होतो.